उतारा देण्याचा हक्क

या महिन्याच्या टपालातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. गावं वेगळी, माणसं वेगळी, पण विषय एकच. कुणाचं तरी बोलणं कॉपीराइटचं नाव सांगून बंद केलं गेलंय, नाहीतर कुणाला तरी ते बंद करायचंय. गेली पंचवीस वर्षं मी लेखकांची आणि प्रकाशकांची कॉपीराइटची प्रकरणं चालवते. लेखकाचा हक्क बुडाला की मला आजही झोप लागत नाही. त्यामुळे आज मी वापरणाऱ्यांच्या बाजूने इतकं का लिहितेय, असं कुणाला वाटलं तर त्यांनी चौथ्या पत्रापर्यंत नक्की वाचावं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. जुन्या मराठी चित्रपटांतली दृश्यं कशी रचली आहेत, हे सांगणारे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. १८ मिनिटांच्या एका व्हिडिओत १९७४ सालच्या एका चित्रपटातली १४ सेकंदं दाखवली. तीन आठवड्यांनी कॉपीराइट स्ट्राइक आला आणि व्हिडिओ गेला. मुलगा म्हणतो, वाद घालू नका, सगळं चॅनेल जाईल. मी चोरी केली का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : नाही सर. चोरीचा शब्द मनातून काढून टाका.

तुम्ही पेन ड्राइव्हवर पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. त्या १४ सेकंदांत आई स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे आणि मुलगा ओसरीवर पाठमोरा बसलाय. तुम्ही चित्र थांबवलंत, दाराच्या चौकटीवर पांढरी रेघ ओढलीत आणि म्हणालात, ‘बघा, आईला दिग्दर्शकानं चौकटीच्या आतच ठेवलंय, ती उंबऱ्याबाहेर येतच नाही.’ तो चित्रपट मी लहानपणी पाहिलाय. तो उंबरा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. याला समीक्षा म्हणतात, आणि समोर दृश्य नसताना ती करता येत नाही.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ५२ म्हणजे कुठल्या वापराला हक्कभंग म्हणायचंच नाही, याची यादी. तिच्यात अगदी सुरुवातीला न्याय्य वापर येतो : खासगी अभ्यास आणि संशोधन, त्या किंवा दुसऱ्या कृतीची टीका अथवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. ही सवलत किंवा मेहेरबानी समजू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९६ साली एका प्रकाशकाच्या दाव्यात सांगितलं होतं की, कलम ५२ चा मूळ उद्देशच घटनेच्या १९ व्या कलमातलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपणं हा आहे. माझ्या टेबलाच्या काचेखाली हे वाक्य मी कितीतरी वर्षं लिहून ठेवलंय.

मग व्हिडिओ गेला कसा? कारण तो कुठल्याही न्यायाधीशाने काढलेला नाही. अमेरिकेत १९९८ साली डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट झाला. तक्रार आल्याबरोबर मजकूर उतरवला, तर यूट्यूबसारख्या मंचावर जबाबदारी येत नाही, अशी त्यात सोय आहे. त्यामुळे आधी उतरवायचं आणि विचारायचं ते नंतर, तेही कुणी विचारायला लावलं तर. तुमची पांढरी रेघ तिथे कुणी पाहिलेलीच नाही.

आता काय करायचं ते सांगते. आधी नीट ओळखा, तुम्हाला आलाय तो स्ट्राइक आहे, म्हणजे तक्रारीवरून व्हिडिओ उतरवून दिलेली ताकीद, की कंटेंट आयडीचा, म्हणजे सारखा मजकूर आपोआप शोधणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा दावा. दाव्यात बहुधा व्हिडिओ राहतो आणि जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे वळतात. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून हा स्ट्राइकच दिसतोय. यूट्यूबची ‘कॉपीराइट स्कूल’ पूर्ण केली की तो ९० दिवसांनी उतरतो. त्या मुदतीत तीन साठले तर चॅनेल बंद होऊ शकतं, म्हणजे मुलाची काळजी खोटी नाही. पण हा तुमचा पहिलाच आहे.

पहिलं पाऊल म्हणजे तक्रारदाराला साधा ईमेल करा. चित्रपटाचं नाव, किती सेकंदं, कशासाठी, आणि तक्रार मागे घ्यावी ही विनंती. पुष्कळदा तक्रार करणारं कार्यालय दिवसाला ढिगाने अर्ज भरत असतं. कुणीतरी माणूस म्हणून विचारलं की ते मागे घेतात. नाही घेतली तर काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे प्रतिनोटीस. ती गेली की तक्रारदाराला कामाचे दहा दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो.

मात्र त्या प्रतिनोटिशीत तुमचं खरं नाव आणि पत्ता लिहावा लागतो आणि तो तक्रारदाराकडे जातो. शिवाय अमेरिकेतल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. तासगावच्या माणसाच्या हाताला इथे घाम फुटणारच, आणि बहुतेक लोक इथेच मागे फिरतात. मला याचा मनापासून राग येतो. टोपणनावाने टीका करणाऱ्यालाही तक्रारीला उत्तर देण्यासाठी आधी स्वतःचं नाव उघड करावं लागतं, आणि ज्याच्यावर टीका केली त्याच्याच हातात ते पडतं. वकिलामार्फत प्रतिनोटीस देता येते. सांगलीत कुणी ओळखीचे असतील तर तसंच करा.

अमेरिकेतलंच एक प्रकरण सांगते, म्हणजे धीर येईल. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेफनी लेन्झ या आईने २००७ साली आपल्या नाचणाऱ्या बाळाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला. मागे प्रिन्स या गायकाचं गाणं वाजत होतं. संगीत कंपनीने तो काढायला लावला. लेन्झबाई लढल्या आणि २०१५ साली तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं की, तक्रार पाठवण्याआधी हा न्याय्य वापर आहे का, याचा विचार करणं तक्रारदाराला बंधनकारक आहे. २९ सेकंदांसाठी आठ वर्षं. पण तुमच्या प्रतिनोटिशीमागे आज तो निकाल उभा आहे.

ती लिहिताना भावनेत जाऊ नका. एवढंच लिहा : व्हिडिओ १८ मिनिटांचा, दृश्य १४ सेकंदांचं, ते थांबवून दृश्यरचनेवर भाष्य केलं आहे, मूळ चित्रपटाऐवजी कुणी हा व्हिडिओ पाहणार नाही. आणि एक जुनी सवय लावून घ्या सर, तुमच्या प्रत्येक व्हिडिओची मूळ फाइल घरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. दुसऱ्याच्या कोठारात ठेवलेलं धान्य मागायला जावं लागतं.

प्रश्न : गाणं ३० सेकंदांपर्यंत आणि पुस्तक १० टक्क्यांपर्यंत वापरलं तर चालतं ना? आणि खाली ‘कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही’ असं लिहिलं की पुरतं का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : न्याय्य वापराला आपल्या कायद्यात सेकंदांची मर्यादा नाही, टक्क्यांचीही नाही. ही ३० सेकंदं कुठून आली कोण जाणे, पण मला भेटणारा प्रत्येक दुसरा तरुण ती ठामपणे सांगतो. दहा सेकंदं वापरूनही हक्कभंग होऊ शकतो आणि पूर्ण कविता छापूनही होत नाही. अगदी किरकोळ वापराकडे कोर्ट काणाडोळा करतं हे खरं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका चित्रगीताच्या ओळीबद्दल तसं केलंय. पण त्या भरवशावर राहू नका. खाली लिहिलेल्या त्या वाक्याला काडीची किंमत नाही. तुम्ही त्या तुकड्याचं काय केलंत, तेवढंच बघितलं जातं.

प्रश्न : माझी आईवरची कविता २०११ साली आमच्या जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकात आली होती. गेली दोन वर्षं ती व्हॉट्सॲपवर एका नामवंत दिवंगत कवींच्या नावाने फिरतेय. शेवटचं कडवंही बदललंय. मी कुठे नोंदणी केली नव्हती. आता माझा हक्क गेला का? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उठले आणि जरा वेळ खिडकीशी उभी राहिले. कारण सांगते.

वकिली सुरू करण्याआधी, १९९२-९३ साली मी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. एका दिवाळी अंकात एका कवीचं नाव गळलं आणि पुढच्या पानावरच्या लेखकाचं नाव त्याच्या कवितेखाली बसलं. ते मुद्रित माझ्या हाताखालून गेलेलं होतं. कवी अंकाच्या प्रती घेऊन छापखान्यात आले. साठीचे असतील. ओरडले नाहीत. माझ्याच टेबलावरची पेन्सिल घेतली आणि एकेक प्रत उघडून कवितेखाली स्वतःचं नाव लिहीत गेले. अकरा प्रती होत्या. अकराव्या प्रतीनंतर पेन्सिल जागेवर ठेवली आणि गेले. मी वकील झाले त्यात त्या अकरा प्रतींचा वाटा मोठा आहे.

तुमचा हक्क गेलेला नाही. कॉपीराइट कविता लिहिली त्या क्षणी निर्माण होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. त्याहून महत्त्वाचं कलम ५७. ही माझी कविता आहे असं सांगण्याचा आणि तिची मोडतोड करून नावलौकिकाला बाध आणली तर ती थांबवण्याचा हक्क त्यात आहे. पैशाचे सगळे हक्क विकून टाकले तरी हा उरतो. दिल्लीत विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, त्याचे अवशेष शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी याच कलमावर २००५ साली परत मिळवले. सोबत पाच लाखांची भरपाई.

त्या अंकाच्या मुखपृष्ठाचा, श्रेयपानाचा आणि तुमच्या कवितेच्या पानाचा स्वच्छ फोटो काढा. हस्तलिखित असेल तर त्याचाही. मग तो फोटो घालून मूळ कविता, मूळ शेवटासह, स्वतः टाका. ज्यांनी ती फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकलीय, त्यांना काढायला सांगू नका, नाव दुरुस्त करायला सांगा. लोक तुमच्या कवितेवर प्रेम करतायत, त्यांना फक्त चुकीचं नाव मिळालंय. जे मुद्दाम ऐकणार नाहीत किंवा तिचे पोस्टर छापून विकतायत, त्यांना वकिलाची नोटीस. व्हॉट्सॲपच्या गटांमागे धावून दमाल. तिथे हाच फोटो पुन्हा पुन्हा टाकत राहणं, एवढाच उपाय मला माहीत आहे.

प्रश्न : माझा कवितासंग्रह गेल्या वर्षी निघाला. एका समीक्षकाने इंटरनेटवर त्याच्यावर अतिशय झोंबणारा लेख लिहिला. त्यात माझी १२ ओळींची एक कविता पूर्ण आणि आणखी दोन कवितांतली कडवी दिली आहेत, मला न विचारता. मित्र म्हणतो, कॉपीराइटची तक्रार टाक, दोन दिवसांत लेख गायब होईल. तक्रारीचा मसुदा करून द्याल का? (एक कवी, डोंबिवली)

उत्तर : नाही देणार.

तुमचा मित्र म्हणतो ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, लेख बहुधा जाईल. माझं म्हणणं आहे की नेमकं म्हणूनच तुम्ही ते करू नये. तो लेख मी वाचला. भाषा बोचरी आहे, दोन ठिकाणी अन्यायही केलाय. पण तुमची १२ ओळींची कविता त्याने पूर्ण दिली आणि मग ओळीओळीने सांगितलं की त्याला ती का पटत नाही. १२ ओळींच्या कवितेवर असं लिहायचं तर किती ओळी उतरवायच्या? अर्धी दिली असती तर तुम्हीच म्हणाला असता की संदर्भ तोडला.

केरळमधलं एक प्रकरण यासाठी मला फार मोलाचं वाटतं. तोप्पिल भासी यांचं १९५२ सालचं ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’ हे नाटक तिथे फार गाजलेलं. त्याच्या राजकारणाला उत्तर म्हणून सिव्हिक चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिलं. त्यात मूळ नाटकातली पात्रं आणि संवाद घेतले. मूळ नाटककाराच्या वारसांनी कोर्टात धाव घेतली. उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तीन गोष्टी तपासल्या : टीकेच्या मानाने उचललेला भाग किती आणि किती मोलाचा, तो कशासाठी उचलला, आणि नव्या कृतीमुळे जुनीचा प्रेक्षक तुटेल का. कोर्टाने प्रतिनाटकाच्या बाजूने कौल दिला. कारण नाटकाला नाटकातूनच उत्तर द्यायचं तर ते नाटक हातात घ्यावंच लागतं.

हे तीन प्रश्न तुमच्या समीक्षकाला लावून बघा. कविता टीकेसाठीच घेतली आहे. ती लेखात वाचली म्हणून संग्रह विकत घ्यायचा थांबला, असा माणूस मला दिसत नाही. झोंबणाऱ्या लेखामुळे पुस्तकाचा खप घटला तर ते टीकेमुळे, नकलेमुळे नव्हे. आणि टीकेपासून संरक्षण हा कायदा देत नाही, देऊही नये. कोर्टात तुम्ही हराल असं माझं मत आहे. पण तक्रारीच्या त्या फॉर्मला कोर्ट लागत नाही, तीच त्याची ताकद आहे. वर तासगावच्या सरांचं पत्र आहे. ते एकदा वाचा आणि सांगा, त्या १४ सेकंदांवर अर्ज भरणाऱ्या माणसाच्या जागी तुम्हाला बसायचंय का?

वाईट वाटलंय, ते खरं आहे. पहिल्या संग्रहावर असा लेख आला की जेवण जात नाही. हे मी कवींच्या घरात बसून पाहिलंय. जिथे अन्याय झाला त्या दोन जागा धरून उत्तर लिहा, आणि त्या उत्तरात त्याच्या लेखातले उतारे द्या. तो हक्क तुम्हालाही तेवढाच आहे. वैयक्तिक बदनामी केली असती तर तो वेगळा कायदा झाला असता, पण तसं त्यात काही नाही.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांनी गेल्या वर्षी जाहीर सभेत सांगितलं होतं की पाण्याची टाकी गुढीपाडव्यापर्यंत सुरू करू. पाडवा होऊन गेला. मी भाषणातली ४० सेकंदं आणि आमच्या गल्लीतल्या कोरड्या नळाचं चित्रण शेजारी शेजारी लावून दोन ऑनलाइन मंचांवर टाकलं. चार दिवसांत ते दोन्ही मंचांवरून उतरलं, कारण दिलंय ‘कॉपीराइट’. आता वकिलाचं पत्र आलंय : भाषणाचा कॉपीराइट आमच्या अशिलाचा आहे, सात दिवसांत सगळीकडून व्हिडिओ हटवून लेखी माफी द्या, नाहीतर कलम ६३ खाली गुन्हा दाखल करू. घरचे घाबरलेत. (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. सविस्तर सांगते.

वकिलाच्या पत्रातलं एक वाक्य खरं आहे. जाहीर भाषणाचा पहिला मालक भाषण करणारा असतो, हे कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलंय. ती तरतूद चांगल्यासाठीच आहे. एखाद्या व्याख्यात्याची व्याख्यानं न विचारता छापून कुणी पुस्तक विकू नये, म्हणून. पण त्याच कायद्यातलं पुढचं पान वकिलांनी तुम्हाला सांगितलेलं नाही. कलम ५२ मधल्या चालू घडामोडींच्या वार्तांकनाच्या सवलतीत जाहीर व्याख्यानाचं वार्तांकनही येतं, असं शब्दांत नमूद आहे. आणि हे फक्त पत्रकारांनीच करावं असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. तुमच्याकडे ओळखपत्र नाही म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही.

‘वर्षापूर्वीचं भाषण चालू घडामोड कसं?’ असा प्रश्न समोरून येईल. टाकी आज कोरडी आहे, हे उत्तर. शिवाय टीकेसाठीच्या वापराची सवलत वेगळी आहेच.

आता मला एक गोष्ट कळवा, पत्रात ती नाही. ती ४० सेकंदं तुम्ही स्वतः सभेत उभं राहून मोबाइलवर टिपलीत, की त्यांच्या पेजवरच्या लाइव्हमधून घेतलीत? स्वतः टिपली असतील तर ते चित्रण तुमचं आहे. लाइव्हमधली असतील तर चित्रणाचा हक्क त्यांचा किंवा ज्याने ते करवून घेतलं त्याचा. तरीही तासाभराच्या भाषणातली ४० सेकंदं टीकेसाठी घेणं मला न्याय्य वापरच वाटतो. पण तुमची बाजू पहिल्या स्थितीत कितीतरी भक्कम होते. त्या सभेत तुमच्या गल्लीतल्या आणखी कुणी मोबाइल धरला होता का, ते आजच विचारा.

घटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची कारणं मोजून दिलेली आहेत : देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान वगैरे. त्या यादीत कॉपीराइट नाही. म्हणून कॉपीराइटचा कायदा आणि बोलण्याचं स्वातंत्र्य यांच्यातला सांधा कलम ५२ आहे, आणि ते कलम विसरून केलेली प्रत्येक तक्रार त्या स्वातंत्र्यावरच येते.

पालघरच्या दोन मुली आठवतायत? नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल एकीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल यांची याचिका गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिखाणासाठी अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. त्या दिवशी आम्ही वकिलांनी कोर्टाच्या आवारात पेढे वाटले होते. ६६अ वापरायला निदान पोलीस ठाणं लागायचं, डायरीत नोंद व्हायची, वर्तमानपत्रात बातमी यायची. कॉपीराइटच्या तक्रारीला यातलं काहीच लागत नाही. तुमचा व्हिडिओ गेला ते तुमच्या गावात तरी किती जणांना कळलं?

आपल्या नियमांनी या तक्रारदारांवर काही जबाबदारी टाकली आहे. कॉपीराइट नियम २०१३ मधला नियम ७५ बघा. त्याखाली तक्रार आली की मंचाने ३६ तासांत पावलं उचलायची. पण तक्रारीत हा वापर कलम ५२ मध्ये बसत नाही, हे तक्रारदाराने दाखवायचं असतं, आणि दावा दाखल करून २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणीन, असं लिहून द्यायचं असतं. आदेश आला नाही तर मंच तो मजकूर पुन्हा खुला करू शकतो. प्रत्यक्षात मोठे मंच आपापले परदेशी फॉर्म वापरतात आणि हा नियम कपाटातच राहतो. म्हणून तुम्ही तो काढून दाखवा. दोन्ही मंचांच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लिहा : तक्रारीची प्रत द्या, कलम ५२ बद्दल तक्रारदाराने काय म्हटलंय ते सांगा, आणि व्हिडिओ परत लावा. समाधान झालं नाही तर केंद्र सरकारच्या ग्रिव्हन्स अपेलेट कमिटीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

आता ते पत्र. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय. म्हणून मी हलक्यात घेऊ नका म्हणाले. पण ते कलम जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगासाठी आहे, आणि कलम ५२ मधला वापर मुळात हक्कभंग ठरतच नाही. उलट कलम ६० तुमच्या बाजूचं आहे : कॉपीराइटच्या नावाने कुणी विनाकारण धमकी दिली, तर ती निराधार असल्याचं जाहीर करून घेण्यासाठी, ती थांबवण्यासाठी आणि नुकसानभरपाईसाठी तुम्हीच दावा लावू शकता. त्यांनी खरोखर दावा दाखल करून नेटाने चालवला तरच यातून त्यांची सुटका होते. त्यांच्या पत्राला दिलेल्या उत्तरात कलम ६० चा एवढा उल्लेख पुरतो. नंतर पुन्हा पत्र न आलेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

लेखी माफी देऊ नका. ‘मी हक्कभंग केला’ असं वाक्य एकदा तुमच्या सहीने गेलं की पुढे कुठलाही वकील ते पुसू शकत नाही. मूळ चित्रणही पुसू नका, घरातलं कुणी कितीही म्हणालं तरी. ते मोबाइलमध्येही ठेवा आणि एका मेमरी कार्डात घालून दुसऱ्याच्या घरीही ठेवा. पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं तर एकटे जाऊ नका. वकील परवडत नसेल तर बीडच्या न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर तिथे मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि महिलांना उत्पन्नाची अटच नाही.

मधल्या काळात गप्प बसायचं कारण नाही. त्या भाषणात काय म्हटलं, कुठल्या तारखेला, कुठल्या मैदानावर, हे तुम्ही तुमच्या शब्दांत आणि तुमच्या आवाजात सांगू शकता. शेजारी नळ दाखवा. दिलेल्या वचनाची बातमी कुणाच्या मालकीची नसते. टाकी सुरू झाली तर तेही दाखवा, तेवढ्याच ठळकपणे.

उत्तर सात दिवसांच्या आत, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. आणि वकिलाचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीट टाकून दिलं असेल तर कचऱ्यातून शोधून काढा. सात दिवस कधीपासून मोजायचे, ते त्याच्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून ठरेल.